१५.८ ते ५.२: एका वर्षाचं पूर्ण प्रकरण

हे प्रकरण ज्याचं आहे त्याला विचारूनच लिहितोय, नाव तेवढं टाकत नाही. वय ३६, सहा वर्षं गोल्फ खेळतोय, हँडिकॅप इंडेक्स (खेळाडू किती चांगला ते सांगणारा आकडा, जितका कमी तितका चांगला) १५.८, आणि एक दिवस रेंजवर (सरावाच्या मैदानावर) येऊन मला म्हणाला, "सर, कामातून एक वर्ष पूर्ण मोकळं घेतलंय, या वर्षात मला स्क्रॅच व्हायचंय." मी बरीच वर्षं शिकवतोय, असं म्हणणारे खूप भेटतात, पण हा खरंच वर्ष बाजूला काढून आला होता, घरच्यांशी बोलून, साठवलेले पैसे मोजून, त्यामुळे त्याचं म्हणणं वाऱ्यावर सोडणं मला शक्य नव्हतं.

आधी स्क्रॅच म्हणजे काय ते सांगतो, कारण इथेच बहुतेकांचा हिशोब चुकतो. हँडिकॅप शून्य. कोर्सचं रेटिंग ठरवताना स्क्रॅच पुरुष खेळाडू टीवरून (होलचा पहिला शॉट मारतात तिथून) सरासरी २५० यार्ड मारतो आणि ४७० यार्डांचं होल दोन शॉटमध्ये गाठतो असं धरलेलं असतं. बोगी गोल्फर म्हणजे साधारण २० हँडिकॅपवाला, तो २०० यार्ड मारतो आणि दोन शॉटमध्ये ३७० पर्यंत पोचतो. आमचा माणूस या दोघांच्या मध्ये, पण बोगीवाल्याच्या जास्त जवळ. आणि २०२० पासून जी वर्ल्ड हँडिकॅप सिस्टीम आहे त्यात इंडेक्स हा सगळ्या राउंडची सरासरी नसतो, शेवटच्या २० पैकी सगळ्यात चांगल्या ८ राउंडची सरासरी असते. म्हणजे १५.८ वाला माणूस रोज १५.८ खेळत नाही, चांगल्या दिवशी तेवढा खेळतो. आमच्या कोर्सचं रेटिंग (स्क्रॅच खेळाडूचा अपेक्षित स्कोर) ७१.४, स्लोप (साध्या खेळाडूला कोर्स किती अवघड त्याचा आकडा, ११३ हा प्रमाण) १२८, त्यावर कोणी ८८ मारले तर ८८ वजा ७१.४ म्हणजे १६.६, त्याला ११३ भागिले १२८ ने गुणलं की १४.७. हा त्या राउंडचा डिफरन्शियल, आणि इंडेक्स म्हणजे अशा डिफरन्शियलचीच सरासरी. हा मुलगा सरासरी ९१ मारत होता.

मी त्याला सरळ सांगितलं की स्क्रॅच एका वर्षात माझ्या मते होणार नाही, ५ च्या खाली आलास तर ते मोठं काम. त्याला वाईट वाटलं ते दिसलं, पण मान हलवली. तेव्हा मी त्याला डॅन मॅक्लॉफ्लिनचं उदाहरण दिलं. पोर्टलंडचा हा फोटोग्राफर २०१० मध्ये नोकरी सोडून दहा हजार तासांचा सराव करायला निघाला होता, गोल्फ जवळजवळ न खेळलेला माणूस, काही वर्षांत २.६ पर्यंत पोचला आणि सुमारे सहा हजार तासांवर पाठीच्या दुखण्याने थांबला. २.६ म्हणजे काय चीज आहे हे खेळणाऱ्यालाच कळतं. पण त्यातला माझ्यासाठी महत्त्वाचा शब्द 'पाठ' होता आणि नेमकं त्याच बाबतीत मी पुढे चुकलो.

पहिले तीन महिने मी घालवले. घालवले असंच म्हणतो. ड्रायव्हरने (सगळ्यात लांब मारायच्या क्लबने) मारलेला त्याचा बॉल उजवीकडे वळायचा, चांगला २५ यार्ड स्लाइस, आणि मला वाटलं वर्ष हातात आहे तर मुळापासून करू. ग्रिप बदलली, पाथ (क्लब फिरण्याची दिशा) बदलला, फेस (क्लबचा बॉलला लागणारा भाग) बंद करायला शिकवला. बॉल निघतो कुठे ते मुख्यतः इम्पॅक्टच्या क्षणी फेस कुठे बघतोय त्यावर ठरतं आणि वळतो किती ते फेस आणि पाथमधल्या फरकावर, हे समजावलं, त्याला समजलंही. पण समजणं आणि हाताला येणं यात महिने जातात. तो रोज ३०० बॉल मारायचा. तीनशे! मी बघत होतो आणि खूश होत होतो, की बघा पोरगा जिवाचं रान करतोय. रेंजवर तो खरंच सुंदर दिसायला लागला, सात-आयर्नने (मधल्या अंतराच्या क्लबने) सलग वीस शॉट एकाच झेंड्याकडे, एकसारखी उंची, एकसारखा आवाज, आणि शनिवारी कोर्सवर गेला की ९४. तिसऱ्या महिन्याच्या शेवटी इंडेक्स १७.६. वाढला.

चौथ्या महिन्याच्या पहिल्या आठवड्यात त्याची कंबर धरली. डॉक्टरांनी तीन आठवडे पूर्ण स्विंग बंद सांगितला. तो घरी बसून मला फोन करायचा, "सर, माझे दिवस चाललेत." मला त्या तीन आठवड्यांचं फार वाईट वाटत होतं, पण आज मागे बघितलं तर त्या तीन आठवड्यांत जे केलं त्यानेच वर्ष वाचलं.

आम्ही मोजायला बसलो. सुरुवातीपासून मी त्याला एक वही ठेवायला लावली होती, प्रत्येक राउंडचा प्रत्येक शॉट, किती यार्डावरून, फेअरवे (कापलेलं गवत) का रफ (वाढलेलं गवत) का बंकर (वाळूचा खड्डा), आणि कुठे जाऊन थांबला. चौदा राउंड नीट लिहिलेले होते. पण मी ती वही उघडूनही बघितली नव्हती. लिहून घेतो आणि बघत नाही, हे शिकवणाऱ्याने करायला नको होतं.

मोजायची पद्धत स्ट्रोक्स गेन्डची. कोलंबिया बिझनेस स्कूलच्या मार्क ब्रोडी यांनी ती मांडली आणि पीजीए टूरने (अमेरिकेतल्या व्यावसायिक खेळाडूंच्या स्पर्धांची मालिका) २०११ पासून पटिंगसाठी, म्हणजे ग्रीनवर (होलभोवतीच्या बारीक गवतावर) बॉल होलकडे ढकलायच्या शॉटसाठी, ती वापरायला घेतली. कल्पना सोपी आहे. टूरचा खेळाडू ८ फुटांवरचा पट साधारण निम्म्या वेळा टाकतो, म्हणजे तिथून त्याला सरासरी दीड शॉट लागतात. तू एकात टाकलास तर अर्धा शॉट कमावलास, दोनात टाकलास तर अर्धा गमावलास. हेच १६० यार्डांवरून फेअरवेतून केलं तर टूरच्या खेळाडूला होलमध्ये जायला सरासरी २.९८ शॉट लागतात. असं प्रत्येक जागेला एक सरासरी असते, प्रत्येक शॉट त्याच्याशी ताडून बघायचा. आम्ही टूरऐवजी स्क्रॅच खेळाडूचे अंदाजे आकडे धरले कारण गाठायचं ते होतं.

चौदा राउंडचं मोजून झाल्यावर जे आलं ते असं की स्क्रॅचपेक्षा तो दर राउंडला जवळपास २० शॉट मागे होता. त्यातले साडेसात ग्रीनकडे मारायच्या शॉटमध्ये, १०० ते २०० यार्डांच्या पट्ट्यात. सहा टीवरून, आणि त्यातले निम्म्याहून जास्त निव्वळ पेनल्टीचे, बॉल बाहेर नाहीतर पाण्यात. चार ग्रीनच्या आसपासच्या चिप आणि बंकरमध्ये. आणि पटिंगमध्ये फक्त अडीच.

हा मुलगा रोज दोन तास पट करत होता. मीच सांगितलं होतं, कारण आम्हा सगळ्यांना लहानपणापासून हेच सांगितलंय की ड्राइव्ह दाखवायला आणि पट कमवायला. ब्रोडी यांचे आकडे सांगतात की चांगल्या आणि कमी चांगल्या खेळाडूंमधल्या फरकाचा साधारण दोन तृतीयांश भाग १०० यार्डांच्या पलीकडच्या शॉटमधून येतो. आमच्या वहीतही साडेसात आणि सहा, म्हणजे विसापैकी साडेतेरा, तेच निघालं. घोडं कुठे पेंड खातंय ते चार महिने वहीत लिहिलेलं होतं आणि आम्ही दोघं भलत्याच जागी बसलो होतो.

मग बदललं. आधी टी. स्लाइस गेलेला नव्हता, कमी झाला होता, कधी यायचा कधी नाही, आणि तो प्रत्येक वेळी फेअरवेच्या मधोमध नेम धरायचा, कारण त्याच्या डोक्यात होतं की आता आपला स्विंग दुरुस्त झालाय. मी त्याला शेवटचे ४० ड्राइव्ह कागदावर ठिपके काढून दाखवले. ठिपक्यांचा पसारा ६५ यार्ड रुंद आणि त्याचा मध्य फेअरवेच्या उजव्या कडेवर. बंदुकीतून छर्रे उडावेत तसा. मी म्हटलं, हा पसारा आहे तसा उचल आणि कोर्सवर असा ठेव की त्यातला कमीत कमी भाग पाण्यात आणि हद्दीबाहेर पडेल, मग त्यासाठी डावीकडच्या रफकडे बघून मारायला लागलं तरी चालेल. त्याला हे पटायला वेळ लागला. मुद्दाम रफकडे नेम धरायचा म्हणजे हार मानल्यासारखं वाटतं म्हणाला. पण पुढच्या सहा राउंडमध्ये मिळून दोन पेनल्टी, आधी एका राउंडला दोन असायच्या. स्विंगमध्ये एक तसूभरही बदल न करता.

मग रेंज. ३०० बॉल बंद, ४० बॉल. कंबरेमुळे तसंही करायला लागणारच होतं. पण ४० चा नियम असा की लागोपाठ दोन बॉल एकाच क्लबने मारायचे नाहीत, प्रत्येक बॉलला वेगळं लक्ष्य, प्रत्येक वेळी मागे उभं राहून बघायचं, ठरवायचं, मग मारायचं, आणि निकाल लिहायचा. दुसरी संधी नाही. सलग एकच गोष्ट करत राहिलं की सरावात माणूस चांगला दिसतो पण नंतर परीक्षेत मागे पडतो, आणि उलटसुलट क्रमाने केलं की सरावात वाईट दिसतो पण शिकलेलं टिकतं, हे शे आणि मॉर्गन या संशोधकांनी १९७९ सालीच प्रयोग करून दाखवलंय. मला हे माहीत होतं. तरी ३०० बॉल मारताना बघून मी खूश होत होतो कारण सलग वीस सुंदर शॉट बघायला कुणालाही आवडतात, शिकवणाऱ्याला तर जास्तच.

पहिल्या दिवशी ४० बॉलना त्याला दोन तास लागले आणि शेवटी तो घामाघूम. म्हणाला तीनशे मारून एवढं दमत नव्हतो.

आता एक होल जवळून सांगतो, कारण वर्षभराचं सगळं त्या एका होलमध्ये दिसतं. आमचं बारावं, पार ३ (तीन शॉटमध्ये पूर्ण करायचं होल), १६२ यार्ड, ग्रीनच्या उजवीकडे पुढे खोल बंकर आणि त्या दिवशी झेंडा बरोबर बंकरच्या मागे, पुढच्या कडेपासून जेमतेम पाच पावलं. त्याने आठ-आयर्न काढलं. त्याचं आठ-आयर्न चांगलं बसलं तर १६० जातं, म्हणजे हिशोब बरोबरच वाटतो. मी विचारलं, "तुझे शेवटचे वीस आठ-आयर्न कुठे पडले ते आठवतंय?" त्याने वही काढली. वीसपैकी तेरा शॉर्ट. म्हणजे १६० हा त्याचा चांगला शॉट होता, नेहमीचा शॉट १५१ होता. हे जवळपास प्रत्येक हौशी खेळाडूचं असतं, आपण आपल्या सगळ्यात चांगल्या शॉटचा आकडा डोक्यात ठेवतो आणि क्लब त्यावरून निवडतो आणि मग आयुष्यभर ग्रीनच्या पुढच्या बंकरमधून खेळतो. मी म्हटलं सात काढ, ते आठपेक्षा लांब जातं, आणि झेंडा विसर, ग्रीनच्या मधल्यापेक्षा थोडं डावीकडे मार. मारला. बॉल ग्रीनवर, झेंड्यापासून ३४ फूट. तो माझ्याकडे वळून म्हणाला, "सर, हा काय शॉट झाला?" मी म्हटलं टूरवरचे लोकसुद्धा एवढ्या अंतरावरून सरासरी २५ ते ३० फुटांवर ठेवतात, तू ३४ वर ठेवलास, दोन पट कर आणि चल. पार. आधीच्या चौदा राउंडमध्ये त्या होलवर त्याचे पाच डबल बोगी (पारपेक्षा दोन शॉट जास्त) होते.

इथून पुढे इंडेक्स उतरायला लागला. आठवड्याला तीन राउंड खेळलं की साधारण सात आठवड्यांत वीस राउंड पूर्ण फिरतात, जुने वाईट मागे पडतात, त्यामुळे आकडा थोडा उशिरा हलतो पण हलला की भराभर. सहाव्या महिन्यात १३.२, आठव्यात ९.४, दहाव्याच्या सुरुवातीला ६.९. या सगळ्या काळात त्याने बर्डी (पारपेक्षा एक शॉट कमी) फारशा वाढवल्या नाहीत, राउंडला एखादी. गेले ते डबल आणि ट्रिपल. बघणाऱ्याला हा खेळ कंटाळवाणा वाटेल, मला तो फार आवडत होता.

६.९ नंतर मात्र थांबला. थांबणारच होता, कारण डबल जाऊन जाऊन किती जातील. यापुढे ग्रीन जास्त सापडायला हवेत आणि त्यासाठी जवळून मारायला मिळायला हवं, म्हणजे लांबी. त्याचा ड्रायव्हरचा क्लब स्पीड ताशी ९४ मैल होता. टूरची सरासरी ११३ च्या वर आहे. एक मैल वाढला की साधारण अडीच यार्ड मिळतात. ताकदीचे व्यायाम आणि वेगाचा सराव करून तो दोन-अडीच महिन्यांत ९९ वर आला, म्हणजे बारा-तेरा यार्ड, म्हणजे पुढच्या शॉटला जेमतेम एक क्लब कमी. कंबर सांभाळून यापेक्षा घाई करायला मी तयार नव्हतो. हे काम पहिल्या महिन्यापासून हळूहळू करायला हवं होतं, ते मी सुचवलंच नाही, तो वेळ ग्रिपमध्ये गेला.

अकराव्या महिन्यात दोन दिवसांची ३६ होलची स्पर्धा खेळला. पहिल्या दिवशी ७९. रात्री त्याला झोप आली नाही. दुसऱ्या दिवशी ८६. मी दोन्ही दिवस दोरीच्या बाहेरून चालत होतो, मारलं वाईट नाही, पण चार फुटांच्या आतले चार पट चुकले, त्यातला एक तर अडीच फुटांचा. वही बघितली तर वर्षभरात इतक्या जवळचे पट त्याचे फार कमी चुकलेले दिसत होते. मग कळलं का. मित्रांबरोबर खेळताना तीन फुटांच्या आतला बॉल "चल, उचल" म्हणून उचलला जायचा आणि वहीत टाकला असं लिहिलं जायचं. म्हणजे आम्ही ज्या अडीच शॉटच्या आकड्यावर विसंबून पटिंग कमी केलं तो आकडा स्वतःच थोडा खोटा होता. लांबचे पट त्याला येत होते, हे खरं. पण छोटा पट प्रत्यक्षात टाकायची सवयच नव्हती. १० फुटांवर फेस साधारण एक अंशाच्या आत होलकडे सरळ असावा लागतो तरच बॉल सव्वाचार इंचांच्या होलमध्ये जातो, तीन फुटांवर तिप्पट चूक चालते, म्हणजे हात चुकले नव्हते. अठरा होल चालून, कार्ड हातात, समोरचा शांत उभा, अशा वेळी तीन फूट टाकायचा सराव त्याच्याकडे नव्हता. तो पार्किंगमध्ये गाडीला टेकून बराच वेळ उभा होता, मग म्हणाला, "सर, आता एकही उचलणार नाही."

शेवटच्या महिन्यात एकही उचलला नाही. घरच्या राउंडलासुद्धा. सुरुवातीला त्याचे मित्र वैतागले, मग तेही टाकायला लागले.

वर्ष संपलं त्या दिवशी इंडेक्स ५.२. ५ च्या खाली आला नाही. सरावाचे तास त्याने लिहून ठेवले होते, ११८०. शेवटच्या राउंडला ७६ मारले, त्याच्या आयुष्यातले सगळ्यात कमी, आणि तरी गाडीत बसल्यावर पहिलं वाक्य होतं, "सर, ते तीन महिने." मी म्हटलं ते माझे, तुझे नाहीत. हे मी समजूत घालायला नाही म्हटलं, वहीतून तेच दिसतं. माझा अंदाज असा की पहिल्या दिवसापासून मोजून सुरुवात केली असती, ग्रिपला हात न लावता नेम बदलला असता, तीनशेच्या जागी चाळीस मारले असते तर ४ च्या आसपास आला असता. शून्य तरीही नाही. १५ पासून ५ पर्यंत चुका काढून टाकून येता येतं, ५ पासून शून्यापर्यंत मात्र नवीन काहीतरी अंगात आणावं लागतं, वेग, वेजने वेगवेगळ्या उंचीवर मारायची ताकद, वाऱ्यात खाली ठेवायचा शॉट, आणि ते यायला माझ्या बघण्यात तरी दोन-तीन वर्षं लागतात, तीही ज्यांची लहानपणी सुरुवात झालीय त्यांना.

तो परत कामाला लागून आता सात महिने झाले. आठवड्याला एक राउंड, रेंज जवळजवळ नाही. मला वाटलं होतं आठ-नऊवर जाईल. ६.१ आहे. क्लब स्पीड परत ९५ वर आलाय, म्हणजे जे शरीरात घातलं होतं ते बरंचसं गेलं, पण पेनल्टी अजून दोन राउंडला एक अशीच आहे आणि बाराव्यावर तो अजून सातच काढतो.

मी माझ्याकडे एक बदल केलाय. आता कोणी मोठं ध्येय घेऊन आलं की पहिले दोन आठवडे मी स्विंगबद्दल एक शब्द बोलत नाही, पाच राउंड त्याच्याबरोबर चालतो, वही माझ्या हातात असते आणि बॉल उचलू देत नाही. मागच्या महिन्यात एक बाई आल्या, इंडेक्स २२, म्हणाल्या माझं पटिंग फार वाईट आहे हो सर. पाच राउंड चालल्यावर बघितलं तर त्यांचे वाया जाणारे निम्मे शॉट ५० ते ९० यार्डांच्या पट्ट्यातले होते, कारण दुसरा शॉट त्या कायम फाइव्ह-वुडने जितका लांब जाईल तितका मारायच्या. पटरला आम्ही अजून हात लावलेला नाही.